बावीस गुंठे

गिरणारे ओलांडून, धोंडेगावच्या अलीकडे
बावीस गुंठे घेतले तेव्हा
जमीन दिसलीच नाही.
डोक्याएवढी घाणेरी, तिच्यावर खाजकुयली,
आणि तलाठी बोट दाखवून म्हणाला, बांध तिकडे.
तिकडे म्हणजे कुठे, हे कळायला दोन वर्षं गेली.

मी एकतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
नोटांचे ताव तपासले.
रेघ हललेली, शाई फुटलेली, आकडा तिरका:
बाजूला.
बाजूला काढलेल्याचाही हिशेब असे,
फाटका तुकडासुद्धा मोजून द्यायचा
आणि सुटताना पदर झटकून दाखवायचा.
तीच नजर घेऊन मी इथे आले.

पहिल्या दिवशी मंजुळा भोये कोयता घेऊन आली.
म्हणाली, तुम्ही सावलीत बसा.
सावली होती कुठे!
ती तोडत गेली, मी ओढत गेले.
संध्याकाळी हातांवर इतके ओरखडे
की बसमध्ये कंडक्टरने विचारलं,
मांजर पाळलंय का, ताई?

घाणेरी मुळासकट निघत नाही.
निघाली असं वाटतं फक्त.
आषाढात पुन्हा हिरवीगार,
जणू आपलं काही बोलणं झालंच नव्हतं.

मग वही घातली. दोनशे पानी.
डावीकडे लावलेलं, उजवीकडे मेलेलं.
हापूस चार. गेले चार.
सोनचाफा, वाळवी.
सीताफळ, शेळी. शेळी भोयेंचीच, बोलता आलं नाही.
नारळ. (ही नुसती हौस.)
पेरू जगला, पण कोणता ते लिहायचं राहिलं.

उन्हाळ्यात मडकी पुरली, बुडाला भोक, भोकात सुतळी.
एका पौषात इतकी थंडी पडली
की थेटे अण्णांनी रात्रभर द्राक्षांत शेकोट्या केल्या.
मीही गोणपाटं घेऊन अंधारात फिरले,
कुणाला पांघरावं कळेना.
सकाळी केळी उकडल्यासारखी काळी.
अण्णा बांधावरून म्हणाले,
द्राक्षंच लावा, मॅडम. हे काय देणार तुम्हाला?
मी वहीत लिहिलं: केळी, सात.

नवव्या की दहाव्या वर्षी
ओढ्याकडची शेवटची घाणेरी काढताना
कोयता दगडावर वाजला.
दगड एकटा नव्हता. अर्धगोल रांग, हाताने बसवलेली,
आणि आत, कुणी पाणी घातलं नसताना,
लाल कर्दळ.

मंजुळा तिथेच उकिडवी बसली.
ही पारूची जागा, म्हणाली. पारू डंबाळे.
धरणात घर गेलं तेव्हा दोन पावसाळे इथे छप्पर टाकून होती.
येताना भांडी कमी आणली, हे कांदे जास्त.
नंतर कुठे गेली?
मंजुळाने कोयत्याने हवेत
एक दिशा दाखवली. तलाठ्यासारखीच.

रात्री वही उघडली.
मी लावलेली नाही.
मेलेली नाही.
पेन्सिल हातात धरून बसून राहिले.
एवढ्या वर्षांत असा ताव
माझ्या टेबलावर कधी आलाच नव्हता.

आता एकोणीस वर्षं झाली.
जांभळाखाली खुर्ची मांडता येते.
बहावा दोनदा फुलला, तिसऱ्यांदा रुसला.
मंजुळाचे गुडघे दुखतात, माझेही,
म्हणून आग्नेयेचा कोपरा घाणेरीलाच देऊन टाकलाय.
बुलबुल खूश आहेत. बाग झाली का, असं कुणी विचारलं
तर मी चहा ठेवते.

परवा कर्दळीचे कांदे उपटून
जुन्या मैत्रिणीसाठी जेलरोडला घेऊन निघाले.
बसमध्ये पिशवीतून माती सांडली.
कंडक्टर नवा, पोरगेलासा.
काय आहे?
कर्दळ, म्हटलं.
कोणाच्या मळ्यातली?

यावर मी
पार सोमेश्वर येईपर्यंत विचार करत होते.